गढूळ पाण्याचे अर्थशास्त्र
(कामठी येथील व्याख्यानाचा मजकूर)



कन्हान, पेंच आणि कोलार यांचा संगम ज्या गावाच्या उशाशी आहे, तेथे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न केवळ 'किती' एवढाच असू शकत नाही. 'कसे' हाही असतो. तुरटीने गाळ बसवावा व वाळूतून पाणी गाळावे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु तुरटी किती, पाणी किती वेळ स्थिर ठेवायचे, वाळूतून कोणत्या वेगाने सोडायचे, याचे उत्तर प्रत्येक नदीचे निराळे असते. त्यासाठी त्याच नदीच्या पाण्यावर, शक्यतो अख्खा पावसाळा, लहानशा प्रायोगिक संयंत्रात चाचणी घ्यावी लागते. नेमका हाच खर्च वाचविण्याकडे कल असतो. कंत्राटदाराचा नफा काँक्रीटमध्ये असतो, प्रयोगात नव्हे!

दुसरी वाट याच जिल्ह्याने दाखविली आहे. रामटेक येथे १९७३ साली अभियंता जे. एन. कर्डिले यांच्या आराखड्यानुसार दिवसाला सुमारे २४ लाख लिटर क्षमतेचे साधे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. दुहेरी थराच्या गाळणीत परदेशी अँथ्रासाइट कोळसा वापरतात. येथे वाळूवर नारळाच्या करवंटीचा चुरा पसरला गेला. करवंटी हलकी असल्यामुळे उलट्या प्रवाहाने गाळणी धुतल्यावरही ती वरच राहते. तिचे भरड कण गाळ खोलवर धरून ठेवतात आणि खालची बारीक वाळू लवकर तुंबत नाही. पुढे वरणगाव व चांदोरी येथेही अशी कमी खर्चाची केंद्रे झाली.

नागपूरच्या नीरीने मंद वाळू-गाळणीवर प्रयोग केले. तासाला १० सेंटीमीटर या रूढ वेगाऐवजी २० व ३० सेंटीमीटर वेगानेही पाणी चांगले मिळते, असे त्यांत आढळले. वेग तिप्पट म्हणजे गाळणीची जागा एक तृतीयांश. ग्रामपंचायतीच्या तिजोरीला हा फरक कळतो. जिल्ह्यातील बोरुजवाडा येथे अशी गाळणी प्रत्यक्ष बांधली गेली. मात्र फार गढूळ पाणी ही गाळणी सोसत नाही. आधी गाळ बसवावाच लागतो.

आणि नदी तीच राहते असेही नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक केंद्राचा खसाळा येथील राख-बंधारा फुटला व राख कोलारमधून कन्हानमध्ये उतरली. मातीच्या गाळावर ठरविलेले तुरटीचे प्रमाण राखेला लागू पडेलच, असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा चाचणी एकदाच करून भागणार नाही. पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक निविदेत तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी, आणि तिची नोंदवही नागरिकांना पाहावयास खुली असावी, अशी मागणी कार्यकर्त्यांनी नगरपरिषदेपुढे ठेवावयास हवी.