थंडी, पाऊस आणि गावाची नोंदवही



हवामानाविषयी बोलावयास आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणालाच शिकवावे लागत नाही. मृगाने हूल दिली, आर्द्रा कोरड्या गेल्या, हस्ताने शेवटी हात दिला, अशा शब्दांत आपला शेतकरी वर्षाचा हिशेब सांगतो. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या वर्षीच्या पावसापाण्याचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी जमतात. पुढे काय होणार याची ही उत्सुकता स्वाभाविकच आहे. परंतु प्रत्यक्षात काय झाले, हे तारीखवार लिहून ठेवण्याची सवय मात्र आपल्याला तितकीशी लागलेली नाही. आज मला त्याच सवयीविषयी बोलावयाचे आहे.

आपण जिल्ह्याचे दोन भाग मानतो : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, तर मलकापूर आणि शेगाव अडीचशे ते तीनशे मीटरच्या दरम्यान आहेत. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, मध्ये पूर्णेचे खोरे व खारपाणपट्टा, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा आणि पैनगंगेचा उगम, अशी ही रचना आहे. एवढ्या निरनिराळ्या भूभागासाठी पावसाचा अथवा थंडीचा एकच आकडा कसा पुरेल?

२०२३ सालचे उदाहरण पाहा. त्या वर्षी २२ जुलै रोजी जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नदीनाल्यांना महापूर आला आणि पिके व जमिनी खरडून गेल्या. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्या जिल्ह्यातील बुलढाणा व लोणार हे तालुके होते. जिल्हा एक, वर्ष एक, पण एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला दुष्काळ! जिल्ह्याची सरासरी काढली तर यांपैकी कोणाचीच व्यथा तीत दिसणार नाही. ती दिसते मंडळाच्या आणि गावाच्या नोंदीत.

पावसाचे जे आहे तेच थंडीचेही आहे. हिमतुषार, म्हणजे पानांवर गोठलेले दव, हा आपल्याकडे नित्याचा अनुभव नव्हे. परंतु अपवादाने येणारे संकट अधिक घात करते, कारण त्याची तयारी नसते. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे २०१८ च्या डिसेंबर अखेरीस पारा दोन अंश सेल्सिअसच्या खाली उतरला आणि द्राक्षबागा वाचविण्यासाठी बागाईतदारांना रात्री शेकोट्या पेटवाव्या लागल्या. आपल्याकडे अशा रात्री झळ पोहोचते ती फुलोऱ्यातील तुरीला, हरभऱ्याला आणि घाटाखालच्या केळीला.

येथे एक शास्त्रीय गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र व वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून पुष्कळ थंड होते आणि जड असल्यामुळे उतारावरून वाहत जाऊन खोलगट भागात साठते. म्हणून केंद्रावर तीन-चार अंशांची नोंद असतानाही नाल्याकाठच्या शेतात पानावर हिमतुषार जमू शकतो. शेतीहवामानशास्त्राचे आद्य अभ्यासक डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३२ साली पुणे येथे दाखवून दिले, की अशा रात्री उघड्या रानात सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसून तिच्यापासून काही सेंटिमीटर उंचीवर असते. प्रारंभी अनेक शास्त्रज्ञांना हे पटेना. पुढे ते सिद्ध झाले आणि त्या थराला त्यांचेच नाव मिळाले. जिद्दीने घेतलेल्या साध्या नोंदींतून विज्ञान पुढे गेल्याचे हे आपल्याच राज्यातील उदाहरण आहे.

आता हंगामाचा विचार करू. थंडीच्या प्रदेशांत पिकांचा हंगाम शेवटच्या व पहिल्या हिमतुषाराच्या तारखांमध्ये मोजतात. आपला कोरडवाहू हंगाम ठरतो पेरणीयोग्य पावसाने आणि जमिनीत उरलेल्या ओलाव्याने. पंचाहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. त्या आधी पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. उलट पेरणी लांबली, तर सोयाबीनची काढणी लांबते, तिच्यामागून हरभऱ्याचा पेराही लांबतो आणि फुले व घाटे धरण्याची वेळ नेमकी कडाक्याच्या थंडीत येते. म्हणजे जूनमधील पावसाची तारीख आणि जानेवारीतील थंडीची रात्र या एकाच साखळीच्या कड्या आहेत. वेगवेगळ्या कचेऱ्यांतील वेगवेगळ्या कागदांवर त्या लिहिल्या गेल्या, तर साखळी कधी दिसतच नाही.

मित्रहो, या नोंदींवर आज पैशाचे व न्यायाचे निर्णय अवलंबून आहेत. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली जाऊन ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असेल, तेव्हा हवामान खाते थंडीची लाट मानते. ही सरासरी साधारणतः तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. जेथे तीस वर्षांची नोंदच नाही, तेथे लाट आली हे सिद्ध तरी कसे करावयाचे? थंडीची लाट व हिमतुषार यांचा समावेश केंद्र सरकारने २०१२ मध्ये आपत्तींच्या यादीत केला. मदतीसाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असावे लागते. हवामानावर आधारित फळपीक विमा तर थेट केंद्रातील आकड्यांवरच ठरतो.

शासनाची यंत्रणा विस्तारत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. आपल्या राज्यात 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'विंड्स' हा उपक्रम हाती घेतला असून, गट पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तथापि यंत्र तापमान सांगेल, पाऊस सांगेल. पेरणी कोणत्या तारखेला झाली, तूर फुलोऱ्यावर कधी आली, कोणत्या शिवारात पाने करपली, हे ते सांगणार नाही. ती नोंद गावानेच ठेवावयाची आहे.

यासाठी फार खर्च नको. एक पक्क्या बांधणीची वही, एक साधा पर्जन्यमापक आणि एक किमान-कमाल तापमापक एवढे पुरे. नियम मात्र पाळले पाहिजेत. पहिला, नोंद दररोज सकाळी साडेआठ वाजताच घ्यावी, कारण देशभर पावसाचा दिवस त्याच वेळेपासून मोजला जातो. दुसरा, उपकरणाची जागा बदलू नये आणि बदलावी लागली तर तारखेसह तसे लिहावे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : पाऊस पडला नाही तर शून्य लिहावे, नोंदच घेतली नाही तर जागा रिकामी सोडून कारण लिहावे. सुटीच्या दिवशी नोंद चुकली म्हणून तेथे शून्य भरणे म्हणजे पडलेला पाऊस पुसून टाकणे होय. चौथा, चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती व सही करावी. शेवटच्या रकान्यात नक्षत्र, पिकाची अवस्था, दव, धुके, गारपीट यांची माहिती द्यावी. शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांकडे हे काम पाळीपाळीने सोपविल्यास त्यांचे शिक्षणही होईल. सुटीत ती जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी.

दुसरे काम जुन्या नोंदी शोधून लावण्याचे आहे. तहसील कचेरीतील पावसाची बुके, शाळांची दप्तरे, तसेच १८७०, १९१० व १९७६ या सालांची गॅझेटियरे यांत पुष्कळ माहिती विखुरलेली आहे. पण ती जुळविताना सावध राहावे लागते. जुना पाऊस इंच व सेंटमध्ये लिहिलेला असतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलीमीटर. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ साली अकोल्यातून आपल्या जिल्ह्यात आले. त्या वेळच्या पाच तालुक्यांचे आज तेरा झाले आहेत. म्हणून जुन्या 'मेहकर तालुक्या'चा आकडा आजच्या मेहकरशी जसाच्या तसा ताडून पाहता येणार नाही. शिवाय वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांताशी जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले व १९६० मध्ये महाराष्ट्रात, त्यामुळे दप्तरेही ठिकठिकाणी गेली. प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या ठिकाणचा, कोणत्या मापाचा आणि कोणत्या दप्तरातला, हे लिहिले तरच तो पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल.

हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. त्यापूर्वीच्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. नव्या तारखांसाठी २०१९ पर्यंतच्या नोंदी उपयोगात आल्या. रोज सकाळी ठरल्या वेळी कोणीतरी मोजपात्र हाती घेऊन आकडा लिहीत गेले, म्हणून हा बदल कळू शकला. त्यांतील बहुतेकांची नावे आपणास ठाऊक नाहीत.

येत्या मृगापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव करून ही वही सुरू करावी, नोंद ठेवणाऱ्याचे नाव ठरवावे आणि वर्षाअखेर ती ग्रामसभेत वाचून दाखवावी, एवढीच माझी आपणास विनंती आहे. पहिल्या वर्षी तिचा फारसा उपयोग दिसणार नाही. पाचव्या वर्षी पेरणीच्या वेळी लोक ती उघडून पाहू लागतील. आणि तिसाव्या वर्षी, एखाद्या कडाक्याच्या रात्रीनंतर, आपल्या शिवारात काय घडले हे सांगावयास गावापाशी स्वतःचा पुरावा असेल.