पेज पातळ नको, घट्ट हवी



मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ नावाजलेला. त्यामुळे आपल्याकडे बाळाचं पहिलं वरचं अन्न म्हणजे भाताची पेज. तिने पोट भरतं. पण पातळ पेजेत पाणीच जास्त, लोह अगदी थोडं. आणि ६ महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह बाळाला पुरत नाही. म्हणून अंगावरचं दूध चालू ठेवा. जोडीला घट्ट, मऊ अन्न द्या. पुन्हा सांगते, पातळ नको, घट्ट!

कुणी म्हणेल, गरिबाने असं अन्न आणायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. नुसत्या सल्ल्याने गरिबी हटत नाही. पण डोंगरउतारावरची नाचणी, परसातला शेवगा, डाळ, जमेल तेव्हा अंडं, यांतलं बरंचसं घरचंच आहे. रोजच्या बिस्किटपुड्याला मात्र पैसे पडतात. बाळाला हे पचेल का? नीट शिजवून कुस्करलं, तर पचतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त अंगी लागतं. चहा मुळीच नको, तो लोह शोषू देत नाही.  बाळ नीट वाढतंय का, हे कळायला अंगणवाडीत त्याचं वजन दर महिन्याला करून घ्या. आणि बाबांनो, या वेळी बाळाला तुम्ही घेऊन जा.