शेजारणीपासून शिकणें
(किकवी येथें ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



किकवीसारख्या हमरस्त्यावरील गांवीं डॉक्टरास किंवा अधिकाऱ्यास गांठणें फारसें अवघड नाहीं. परंतु वेल्ह्याकडील डोंगरांतल्या वाडीवर काम करणारी अंगणवाडीताई किंवा आशाताई पुष्कळदां एकटीच असते. तिला शिकविलें जातें तें वर्गांत. अडचण येते ती वाडीवर. त्या वेळीं तिनें विचारावें कोणास?

वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य १९७० सालीं जामखेडास आलें. गांवकऱ्यांनींच निवडलेल्या बायकांस त्यांनीं आरोग्याचें काम शिकविलें. त्यांपैकीं पुष्कळींस अक्षरओळखही नव्हती. ह्या बायका दर आठवड्यास जामखेडास जमत व रात्रीं तेथेंच राहत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनीं एकत्र जेवावें व एकत्र निजावें, हें त्या काळीं लहान धाडस नव्हतें. डॉक्टरांचा धडा होईच. पण आपापल्या गांवीं काय घडलें, हेंही त्या एकमेकींस सांगत. जुलाब झालेल्या मुलास मीठसाखरेचें पाणी पाजावयास सासू नको म्हणत असेल, तर तिची समजूत कशी घालावी? हें ज्या बाईस साधलें असेल, तिच्या शब्दाला पुस्तकाहून अधिक वजन असतें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांस मात्र त्या रात्रींच्या बोलण्याचें मोल अधिक वाटतें.

मुंबईस १९३६ सालीं समाजकार्याचें शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली. तिची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु पदवीधर मनुष्यही वाडीवर गेला म्हणजे एकटाच पडतो.

कोणी म्हणेल, आतां मोबाइल आहे, त्यावर ह्या भगिनींचे गट आहेत. आहेत खरे, पण तेथें बहुधा वरून हुकूम येतात आणि खालून आंकडे जातात. वरिष्ठ वाचीत असतां आपलें चुकलेलें काम तेथें कोण लिहील?

म्हणून आमची विनंती ही कीं, महिन्यांतून एक दिवस आपलें सभागृह ह्या भगिनींस, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, मोकळें करून द्यावें. तेथें कोणीही वरिष्ठ बसूं नये. आम्हीदेखील बसणार नाहीं. येणारीचा एक दिवस मोडतो व एस. टी.चें भाडें पडतें. २०२३ सालापासून स्त्रियांस तें अर्धें झालें, तरी बुडालेली मजुरी कांहीं अर्धी होत नाहीं. ज्युबिलीच्या रोषणाईसाठीं जमलेल्या वर्गणींतून हा खर्च निघावा. दिवे कमी झाले म्हणून ज्यांस आम्हांस बोल लावावयाचा असेल, त्यांनीं रविवारीं मिस्सानंतर अवश्य भेटावें.