ठिपके, आंकडे आणि अंदाज



दिवाळीच्या दिवसांत जळगांवच्या कोणत्याहि आळींतून सकाळीं फेरफटका मारा. दारोदारीं ठिपक्यांची रांगोळी दिसेल. गणित शिकविण्यास त्या अंगणासारखा फळा नाहीं. मी वर्गांत प्रथम एकच ठिपका काढीत असें. त्याच्या दोन बाजूंस काटकोनांत ३ ठिपके मांडले कीं ४ ठिपक्यांचा चौरस होई. आणखी ५ मांडले कीं ९ चा, आणखी ७ मांडले कीं १६ चा. मग खडू मुलांच्या हातीं देईं. एकापासून क्रमानें घेतलेल्या विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्याच येते, हें मीं सांगण्यापूर्वींच मागच्या बाकावरून ऐकूं येई. उदाहरणांवरून नियमाकडे नेणाऱ्या या रीतीला आम्ही शिक्षक उद्गामी पद्धति म्हणतों. आधीं नियम पाठ करावयाचा आणि मग वीस गणितें उरकावयाचीं, त्यापेक्षां ती मला फार प्रिय. आणि तिच्याच प्रेमानें मला एकदां फसविलें.

धुळ्यास असतांना मीं वर्तुळाचें उदाहरण घेतलें. परिघावर बिंदु घ्यावयाचे, प्रत्येक बिंदु इतर सर्वांशीं सरळ रेषेनें जोडावयाचा, आणि वर्तुळाचे किती भाग पडले तें मोजावयाचें. दोन बिंदूंनीं २ भाग, तीन बिंदूंनीं ४, चारांनीं ८, पांचांनीं १६. "आतां सहांनीं किती?" सारा वर्ग म्हणाला, बत्तीस. मीहि तेंच धरून चाललों होतों. सहा बिंदूंची आकृति मीं स्वतः कधीं काढलीच नव्हती. एक मुलगा तेवढा उभा राहिला. "गुरुजी, माझे एकतीसच भरतात."

"एखादा निसटला असेल, पुन्हां मोज."

त्यानें पुन्हां मोजलें, माझ्याकडे पाहिलें, आणि वहींत बत्तीस लिहून तो खालीं बसला.

रात्रीं घरीं मीं आकृति काढली. एकतीस! आकृति मोठी करून पुन्हां मोजलें, तरी एकतीसच. कारण शोधूं लागलों तेव्हां सांपडलें. मुळांत अखंड वर्तुळ हा १ भाग. प्रत्येक रेषेगणिक एक भाग वाढतो, आणि आंतील प्रत्येक छेदनबिंदूगणिक आणखी एक. पांच बिंदूंच्या रेषा १० व छेद ५, म्हणून १६. सहांच्या रेषा १५ व छेदहि १५, म्हणून ३१. दुपटीचें तें साम्य पांचव्या बिंदूपर्यंतच टिकणारें होतें.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलाला फळ्यापाशीं बोलावून चूक माझी होती असें सर्वांदेखत सांगितलें. सांगतांना जीभ थोडी जड झाली, हें कबूल करतों. मग पुन्हां ठिपक्यांकडे वळलों. तोहि नियम असाच पुढें मोडेल काय? मुलें बराच वेळ गप्प होतीं. शेवटीं उत्तर निघालें: चौरस एका रांगेनें वाढवावयाचा तर दोन बाजूंस बाजूइतके ठिपके आणि कोपऱ्याचा एक, एवढेच लागतात, आणि ही संख्या दर वेळीं दोनांनीं वाढते. म्हणून तो मोडणार नाहीं.

चाळीसगांवजवळच्या पाटण येथें १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं तेथें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. सिद्धांतशिरोमणीवर आचार्यांनीं स्वतःच वासनाभाष्य लिहिलें. वासना म्हणजे नियमामागील उपपत्ति. आपल्या खानदेशांतच हा वारसा असतां मीं तो दुपटीच्या मोहापायीं विसरावा!

सात बिंदूंनीं किती भाग पडतात तें मीं वर्गांत सांगितलें नाहीं, आणि आपणहि घरच्या मुलांना सांगूं नये. त्यांना मोठा कागद आणि टोकदार पेन्सिल द्यावी. मात्र आंतील तीन रेषा एकाच बिंदूंत मिळणार नाहींत, एवढें आकृति काढतांना पाहावें.