भेळवाला फ्रेममध्ये हवा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पत्रिकेत माझा विषय 'थेट बातम्यांच्या पडद्यामागे' असा छापला आहे. तो संयोजकांनी दिलेला आहे आणि त्यावर मी बोलेनच. पण मला जे सांगायचंय ते एकाच वाक्याचं आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना साडेआठची मालिका गाठायची आहे त्यांची सोय होईल. (हशा) कुठलंही थेट दृश्य पडद्यावर घेतलं, की मिनिटभरात एकदा तरी ते लांबून दाखवलं पाहिजे. आमच्या भाषेत, वाईड दाखवला पाहिजे. संपलं माझं व्याख्यान. आता उरलेल्या वेळात मी हेच निरनिराळ्या तऱ्हेने सांगणार आहे.

इतिहासात फार शिरत नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शनचं वरळीचं केंद्र सुरू झालं, पुढे बातम्या वाचायला अनंत भावे, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे... बघा, नावं घेतली की तुमच्या माना आपोआप डोलतात, म्हणजे सांगायची गरजच नाही. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायच्या, हा किस्साही तुमच्यापैकी निम्म्यांनी नातवंडांना सांगितला असेल. मी त्यात एवढीच भर घालतो, की फ्रेम टेबलाशी संपत होती म्हणून ते जमलं. तिथे कुणाचं काही बिघडलं नाही. बंदच्या बातमीत मात्र फ्रेम कुठे संपते, यावर माणसं घराबाहेर पडतात की कडी लावून बसतात हे ठरतं.

२००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा आले, २००८ मध्ये आयबीएन लोकमत, आणि मराठीत दिवसभर बातम्या सुरू झाल्या. तिथून आमची कंट्रोल रूम सुरू होते.

तिला आम्ही पीसीआर म्हणतो. खोलीला खिडकी नाही, आणि एसी असा, की मे महिन्यात स्वेटर घालून बसायचं. समोर भिंतभर मॉनिटर. त्यात दोन मोठे. एकावर तुम्ही आत्ता बघताय ते, म्हणजे प्रोग्राम. दुसऱ्यावर यापुढे जाणार ते, म्हणजे प्रीव्ह्यू. एका हाताला स्विचरवरचा मुलगा, दुसऱ्या हाताला ग्राफिक्स, मागे आवाज सांभाळणारा, आणि माझ्या तोंडाशी टॉकबॅकचा माइक. बटण दाबून बोललं की थेट अँकरच्या कानात. ती मंत्र्यांना गंभीर प्रश्न विचारत असते आणि मी तिच्या कानात ओरडत असतो, 'गुंडाळ, गुंडाळ, नाशिक रेडी आहे!' चेहऱ्यावरची रेषही न हलवता ती मंत्र्यांना गुंडाळते. हे विधिमंडळात कुणाला जमत नाही. (हशा, टाळ्या)

रिपोर्टर प्रश्न ऐकल्यावर नुसता मान हलवत उभा का राहतो, हे मला प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच. तो मठ्ठ नसतो हो! उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, त्यात यंत्रांचा वेळ वेगळा. हल्ली पाठीवरच्या बॅगेत मोबाइलची सिमकार्डं घालून चित्र पाठवतात, त्यात आणखी उशीर. आणि ओबी व्हॅन, म्हणजे आमची थेट प्रक्षेपणाची गाडी, ज्या केयू बँडवर चालते, तो जोराच्या पावसात दगा देतो. म्हणजे गावात पूर आला की पुराचं लाइव्हच बंद पडतं. (हशा) पण हा तांत्रिक भाग झाला.

मूळ मुद्दा असा, की माझ्यासमोर एकाच वेळी आठ-दहा ठिकाणांची दृश्यं असतात. 'दोन रेडी, टेक दोन' म्हटलं की दोन नंबरचं दृश्य महाराष्ट्रभर जातं. बाकीचं त्या क्षणी महाराष्ट्रात घडतच नाही. शिवाय आता पडद्याच्या चार खिडक्या करतात, वर एक पट्टी, खाली दोन पट्ट्या. उरलेल्या चौकोनात दहा हजारांचा मोर्चा लांबून दाखवला तर मुंग्या दिसतात. तिथे ओरडणारं एक तोंड मात्र ठसठशीत दिसतं. म्हणून तोंड जिंकतं.

एक उदाहरण देतो. एका जिल्ह्याच्या गावी बंद होता. नाव सांगत नाही, इथून फार लांब नाही. (हशा) चौकात एक टायर पेटलेला. फ्रेमभर ज्वाळा, काळा धूर, मधून एखादी घोषणा. माझ्यासमोर इतर वाहिन्यांचेही मॉनिटर असतात. सगळीकडे तोच टायर, कुणी डावीकडून घेतलेला, कुणी उजवीकडून. खाली पट्टी धावतेय, 'जाळपोळ'. मी रिपोर्टरच्या कानात सांगितलं, कॅमेरामनला जरा वाईड करायला सांग. तो गप्प. पुन्हा सांगितलं. तेव्हा हळूच म्हणाला, 'सर, वाईड केलं तर भेळवाला येतो.' मी म्हटलं, कोण येतो? 'टायरच्या पलीकडे भेळेची गाडी आहे, सर. गिऱ्हाईकपण आहे.' (प्रचंड हशा)

मी म्हटलं, येऊ दे. कॅमेरा मागे आला, आणि काय दिसलं सांगू? टायर खाली एका कोपऱ्यात गेला. मधोमध गाडीवर कांदा चिरत असलेला भेळवाला. एक गृहस्थ एका हाताने धुराने चुरचुरणारे डोळे चोळताहेत आणि दुसऱ्या हाताने, शेव अजून घाल, अशी खूण करताहेत. दोन हवालदार खुर्च्यांवर चहा पिताहेत. शाळेची तीन पोरं सायकलवरून एक पाय टेकून आगीकडे नाही, आमच्या कॅमेऱ्याकडे बघताहेत. मागचं औषधांचं दुकान उघडं. एवढ्यात माझा फोन वाजला. आउटपुट डेस्क, म्हणजे पडद्यावर काय जायचं ते ठरवणारे. 'चित्र मेलं! टाइटवर जा!' म्हणजे पुन्हा जवळून दाखव.

आता डेस्कवरच्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे त्यांच्याच टेबलावर येतात, माझ्या नाही. पण पुढे त्या गावी जाणं झालं, तेव्हा मुद्दाम त्या गाडीवर गेलो. भेळ उत्तम होती, चिंचेचं पाणी जरा... असो. तो सांगत होता, त्या दिवशी पुण्याहून बहिणीचा फोन आला, गाव पेटलंय, दार लावून आत बस. लग्नाला निघालेले पाहुणे अर्ध्या वाटेतून मागे फिरले. मला म्हणाला, 'साहेब, गाव पेटलं असतं तर मी कांदा कुणासाठी चिरला असता?' माझं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे.

(अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात.) हो, हो, येतोच मुद्द्यावर. तसा मुद्द्यावरच आहे.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला किती? साधारण ७३. शहर एकच! कलिन्याच्या गळ्याएवढ्या पाण्यातला शॉट खरा, आणि कुलाब्याचा ओला रस्ताही खरा. 'मुंबई बुडाली' म्हणताना नकाशा लावला, दोन आकडे शेजारी ठेवले, तर तोही माझ्या हिशेबी वाईडच. कॅमेऱ्यानेच घेतला पाहिजे असं नाही.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ केव्हाचे बोट वर करताहेत. त्यांचा प्रश्न मला कळला आहे. २६/११. बरोबर? (होकार) २८ नोव्हेंबर २००८ ला सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना देशाने थेट पाहिले. तो वाईडच होता. आणि तिकडे पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते, हे नंतर संभाषणांतून बाहेर आलं. कसाबच्या अपिलावर निकाल देताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. २०१५ पासून तर नियमच आहे, की अशी कारवाई चालू असताना थेट चित्रण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच. मग माझ्या वाईडचं काय? माझं म्हणणं, जिथे चित्राने जीव जातो तिथे टाइटही नको आणि वाईडही नको, चित्रच नको. माझा आग्रह जे दाखवायला मोकळीक आहे त्यापुरता. एवढी तडजोड करतो, याहून जास्त नाही. (टाळ्या)

आणि जिथे पूर्ण मोकळीक असते, तिथे काय होतं? जाहीर सभांचं फीड हल्ली बहुतेक वेळा पक्षच देतो. कॅमेरे त्यांचे, क्रेन त्यांची, आम्ही फक्त जोडून घेतो. त्यात वाईडही भरपूर असतात, पण मंडप भरलेल्या बाजूचे. रिकाम्या खुर्च्या मी त्या फीडमध्ये कधी पाहिल्या नाहीत. कुठला पक्ष? सगळे. एवढ्या बाबतीत महाराष्ट्रात एकमत आहे. (हशा, टाळ्या) म्हणून म्हणतो, आपला निदान एक कॅमेरा लांब, उंचावर, आपल्या माणसाच्या हातात असलाच पाहिजे.

बेलवाडीचं गोल रिंगण पाहिलंय ना तुम्ही? तुकोबांच्या पालखीचा अश्व तिथे धावतो. तो टाइट घेतला तर नुसती धूळ आणि खूर. लांबून घेतला की रिंगण दिसतं, आणि तो कुणाभोवती धावतोय तेही कळतं. तिथे कुठल्याही डेस्कवरून मला फोन येत नाही, कारण वारीत वाईड शोभतो हे सगळ्यांना मान्य आहे. मग मोर्चाने काय पाप केलंय?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. खाली आणखी एक ओळ आहे, 'तीन केलीत तर बरं.' (हशा) २०१९ च्या नोव्हेंबरातल्या त्या पहाटेच्या शपथविधीवर बोलायचं ठरवून आलो होतो, ते राहिलं. तसाही तो तुम्हाला तोंडपाठ आहे.

शेवटचं. वाहिन्यांना पत्रं लिहा असं मी सांगणार नाही, कुणी वाचत नाही. पण आता निम्मी दृश्यं तुमच्याच मोबाइलमधून आमच्याकडे येतात. पूल खचला, झाड पडलं, दोन गटांत जुंपली, की तुम्ही फोन काढता आणि पुढे धावता. पुढे जाण्याआधी दहा पावलं मागे या. फोन आडवा धरा. दहा सेकंद सगळा चौक घ्या, आणि तोंडाने गावाचं नाव, तारीख, वेळ बोला. मग खुशाल जवळ जा. त्या दहा सेकंदांचं चित्र हातात असलं, की डेस्कशी भांडायला आमच्यापैकी कुणीतरी नक्की उभा राहील. प्रश्न बाहेर चहाच्या वेळी घेतो.