न झालेल्या खर्चाचा हिशेब
(रामटेक तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यासमोर एका पशुवैद्यकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



जनावरांच्या रोगप्रतिबंधक उपचारांविषयी मी आपणाशी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. हा विषय बहुधा आरोग्याच्या बाजूने मांडला जातो. मी तो आज पैशाच्या बाजूने मांडणार आहे. गोठ्यातले बहुतेक निर्णय पैशाकडे पाहूनच घेतले जातात आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या दारी एक बैलजोडी, एक दुभती गाय आणि चार शेळ्या आहेत, त्याचे भांडवल ते तेवढेच. शेळी ही तर घरातल्या बाईची ठेव होय. मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघाला की ती मोडता येते. अशा घराला एका जनावराचा रोग हा वर्षाच्या मिळकतीचा प्रश्न असतो.

रोगाचा खर्च म्हणजे औषधाचा खर्च, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात औषधाचा आकडा त्या हिशेबात सर्वांत लहान असतो. लाळ्या-खुरकुताचेच उदाहरण घ्या. या रोगाने वासरे दगावतात, परंतु मोठे जनावर सहसा दगावत नाही, म्हणून तो आपल्याकडे हलका मानला जातो. तोंडात फोड येतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, जनावर काही दिवस खात नाही, लंगडते आणि मग हळूहळू सुधारते. ‘आला तसा गेला’ असे म्हणून मालक सुटकेचा नि:श्वास टाकतो.

आता वही उघडू. दिवसाला ८ लिटर दूध देणारी गाय महिनाभर निम्म्यावर आली असे समजा, आणि दुधाचा भाव लिटरला ३० रुपये धरा. रोजचे ४ लिटर, ३० दिवस, म्हणजे १२० लिटर दूध. त्याचे ३,६०० रुपये झाले. अशक्त झालेली गाय वेळेवर माजावर येत नाही. गाईचा माज २१ दिवसांनी येतो. एक माज चुकला की पुढचे २१ दिवस तिला निव्वळ पोसावे लागते. दिवसाच्या चाऱ्या-ढेपेचे १०० रुपये धरले तर एका चुकलेल्या माजाचे २,१०० आणि दोन चुकले तर ४,२०० रुपये. दोन्ही मिळून ७,८०० रुपये झाले आणि अजून औषधाचा एक पैसाही आपण मोजलेला नाही. या रकमेची पावती कोणी देत नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षात राहत नाही.

बैलाचा हिशेब याहून कठीण आहे. आपला हा भाग धानाचा आहे. पऱ्हे तयार झाले, पाऊस लागला आणि बांधीत चिखलणी सुरू व्हायची, नेमक्या त्या आठवड्यात बैलाच्या खुरांना जखमा झाल्या तर त्याला चिखलात घालता येत नाही. ट्रॅक्टर भाड्याने आणावा तर तो त्या दिवसांत सगळ्यांनाच हवा असतो. रोवणी जितकी लांबते तितके पऱ्हे जुने होतात आणि त्याचा परिणाम थेट उत्पन्नावर होतो. लाळ्या-खुरकुतातून उठलेली काही जनावरे पुढेही उन्हात धापा टाकतात, त्यांच्या अंगावरचे केस वाढतात आणि ती भर दुपारच्या कामाला निकामी होतात. अशा बैलाला बाजारात काय किंमत येते हे आपणांस मी सांगायला नको.

या रोगाची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्धची लस केंद्र शासनाच्या खर्चाने दिली जाऊ लागली. म्हणजे ही लस पशुपालकाला पदरचा पैसा न घालता मिळते. तरीही लस टोचणारे पथक गावात आले की काही दारे बंद राहतात. याचे कारण अज्ञान, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते खरे वाटत नाही. दुधाळ जनावराला लस टोचल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप येतो, दूध कमी होते, क्वचित मानेवर गाठ येते. ज्याचे दूध रोज डेअरीला जाते त्याला हा तोटा डोळ्यांनी दिसतो. तेव्हा ‘काही होत नाही हो’ असे त्याला सांगणे चुकीचे आहे. त्याचा अनुभव वेगळा आहे आणि पुढच्या वेळी तो आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याला आकडा सांगावा. दोन दिवस दोन-दोन लिटर दूध कमी झाले तर तोटा १२० रुपयांचा, आणि वर मांडलेला तोटा ७,८०० रुपयांचा. शेतकऱ्याला ही वजाबाकी आपल्यापेक्षा चांगली येते. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत असेल तर तसे पथकाला आधी सांगावे. त्याला कसे आणि केव्हा टोचायचे ते डॉक्टर ठरवतील.

दुसरी गोष्ट अशी की, ही लस एकट्या गोठ्याची नाही. सकाळी गावची सगळी गुरे आखरावर जमतात, एकाच गुराख्यामागे चरायला जातात, एकाच तलावावर पाणी पितात. दहा घरांनी टोचून घेतले आणि पाचांनी नाकारले, तर रोगाला आत यायला वाट उरतेच. या तालुक्याच्या उत्तरेला पेंचचे जंगल आहे. चितळ, रानडुक्कर, रानगवा या दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांनाही लाळ्या-खुरकूत होतो. जंगलाच्या कडेने चरणारी आपली गुरे आणि हे प्राणी एकमेकांना काय देतात-घेतात, याचा विचार त्या बाजूच्या गावांनी अधिक करावयास हवा.

लसीने काय साधते याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या देशातच आहे, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. बुळकांडी हा शब्द आज तरुण शेतकऱ्याला ठाऊक नसतो. एकेकाळी या रोगाने गावेच्या गावे बैलांविना केली होती. १९५४ साली देशव्यापी लसीकरणाला आरंभ झाला. १९९५ नंतर भारतात या रोगाची नोंद नाही. २००६ मध्ये देश त्याच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. बुळकांडीने न मेलेल्या बैलांची किंमत कोणत्याही जमाखर्चात लिहिलेली नाही. प्रतिबंधाच्या कामाची हीच अडचण आहे. ते यशस्वी झाले की दाखवायला काही उरत नाही.

याउलट २०२२ चा लम्पी चर्मरोग आपणा सर्वांना आठवतो. तेव्हा लसही मोफत मिळाली आणि मृत जनावरांसाठी राज्य शासनाने साहाय्यही दिले. दुधाळ गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० रुपये आणि वासरास १६,००० रुपये. हे साहाय्य मोलाचे होते. तथापि चांगल्या दुधाळ संकरित गाईची बाजारातली किंमत याहून बरीच अधिक असते, आणि गाय मेल्यावर बंद झालेले दूध त्यात धरलेले नाही.

पावसाळ्यापूर्वीच्या लसींविषयी मला थोडे आग्रहाने बोलायचे आहे. घटसर्प आणि फऱ्या हे दोन रोग पहिल्या पावसाबरोबर येतात. घटसर्पात गळ्याला सूज येते, घरघर लागते आणि जनावर, विशेषत: म्हैस, एक-दोन दिवसांत जाते. डॉक्टर गावात पोहोचेपर्यंत उपचाराची वेळ बहुधा निघून गेलेली असते. फऱ्यात तर तरणेताठे, चांगल्या अंगाचे जनावर सकाळी लंगडते आणि दुसरा दिवस पाहत नाही. लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. म्हणजे टोचणी मे महिन्यात झाली पाहिजे. गावात एक म्हैस दगावली की दवाखान्यासमोर रांग लागते. पण त्या दिवशी टोचलेली लस पुढच्या आठवड्याच्या रोगाला अडवू शकत नाही.

आता खास या भागाचा म्हणावा असा एक रोग. रामटेकच्या परिसरात तलाव, बोड्या आणि पेंच प्रकल्पाचे कालवे यांमुळे वर्षभर ओल राहते. पाण्याच्या कडेला लहान गोगलगायी असतात आणि त्यांच्या पोटात यकृतातील चपट्या कृमींची वाढ होते. तेथून हे कृमी पाण्याकाठच्या गवताला चिकटतात आणि गवताबरोबर गाई-म्हशींच्या, शेळ्यांच्या पोटात जातात. जनावर खाते-पिते, पण अंगी लागत नाही. दूध घटते, जुलाब होतात, पुढे जबड्याखाली पाण्याची सूज लोंबते. मालक ढेप वाढवतो. ती ढेप कृमींच्या पोषणाला जाते, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. उपाय साधे आहेत. पावसाळा संपताना जनावर तलावाच्या अगदी काठावर चारू नये. धानाची ओली तणस तशीच न घालता उन्हात चांगली वाळवून घालावी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर शेण तपासून योग्य ते जंतनाशक द्यावे. ‘योग्य ते’ या शब्दांवर माझा भर आहे. सगळी जंतनाशके चपट्या कृमींवर चालत नाहीत. दुकानातून अंदाजाने आणलेली बाटली शेळीच्या घशात ओतली म्हणजे जंतांचा बंदोबस्त झाला असे होत नाही, आणि अपुऱ्या मात्रेने तर जंत त्या औषधाला जुमानेनासे होतात. शेणाचा नमुना आगपेटीएवढ्या डबीत दवाखान्यात नेला तरी पुरतो.

कासदाहाचे थोडक्यात सांगतो. अंगठा मुडपून धार काढू नये, कास धुऊन कोरडी करावी आणि धार काढल्यावर गाईपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते आणि उघडे सड शेणामुतात टेकत नाही. या काळजीला वैरणीखेरीज काही लागत नाही, आणि ती तर घालायचीच असते. कासदाह झाल्यावर प्रतिजैविके द्यावी लागतात आणि औषध चालू असेतोवर ते दूध विकताही येत नाही.

शहराप्रमाणे आता रामटेक गावातही हौसेने कुत्री पाळली जातात, आणि राखणीचे कुत्रे तर प्रत्येक वाडीत आहे. पिल्लाला दीड-दोन महिन्यांचे असताना पार्वोची लस दिली नाही आणि तो रोग झाला, तर रक्ताचे जुलाब, दिवसचे दिवस सलाईन आणि एवढे करूनही पिल्लू हाती लागेलच असे नाही. लसीचा खर्च शेकड्यांत असतो, उपचाराचा हजारांत. रेबीजचा हिशेब मात्र रुपयांत करू नये. तो रोग एकदा प्रकट झाला की माणूस असो वा जनावर, वाचत नाही. कुत्र्याला वर्षातून एकदा टोचून घेणे पुरते. न टोचलेले कुत्रे चावले तर माणसाला सरकारी दवाखान्यात चार-पाच खेपा घालाव्या लागतात. लस तेथे विनामूल्य असली तरी प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. शिक्षकांनी मुलांना एवढे जरूर सांगावे की चावा लागला तर घरी लपवू नये, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मार बसेल या भीतीने मुले चावा लपवतात, हे शिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

प्रतिबंधासाठी लागणारा पैसा थोडा आहे. कमी पडते ती जुळवाजुळव, आणि येथेच पंचायतीचा संबंध येतो. देवलापारकडील गावांत घरोघरी पाच-दहा कोंबड्या असतात. मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, त्या एका आठवड्यात संपतात. लसीची कुपी साधारण शंभर पक्ष्यांची असते, ती थंडाव्यात आणावी लागते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या बाईने एकटीने ती आणणे परवडणार नाही. दहा घरांनी मिळून आणली तर एका कोंबडीमागे खर्च किरकोळ येतो. शेळ्यांच्या पीपीआर आणि आंत्रविषार या रोगांच्या लसींचेही असेच आहे. पीपीआरची एक टोचणी जवळजवळ तीन वर्षे संरक्षण देते.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असते. घटसर्प-फऱ्याच्या टोचणीला हीच वेळ अनुकूल आहे. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर लसीकरणाचा दिवस घ्यावा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून तारीख तेथेच ठरवावी. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा मुलांमार्फत घरोघरी निरोप पाठवायचा तर तो उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीच गेला पाहिजे. आखराजवळ लाकडी खोडा नसेल तर पंचायतीने तो उभारावा. खोड्याअभावी मारकी म्हैस टोचायची राहते, आणि नेमकी तीच एक राहिलेली असते. कानातील बारा अंकी बिल्ला पडला असेल तर तो त्याच दिवशी बदलून घ्यावा, कारण लसीची नोंद त्या क्रमांकावर होते. जनावर अचानक आजारी पडले तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा.

आणि कोंबड्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. लसीच्या आदल्या संध्याकाळी बायकांना सांगून ठेवावे की कोंबड्या खुराड्यात कोंडल्यावर सकाळी त्या पथक येईपर्यंत सोडू नयेत. सूर्य वर आला की त्या गावभर पांगतात, आणि मग बर्फात ठेवलेली कुपी हातात घेऊन कोणाच्या मागे धावायचे?