हजेरी



मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ यावर बोलायला सांगितलंय. मी जरा आडवाटेने जाते, कोलंबियामार्गे.

कामानिमित्त माझं बोगोटाच्या इंजिनिअर मंडळींशी रोज बोलणं होतं. नवीन कुणी कॉलवर आलं, की पहिला विनोद ठरलेला: एस्कोबार आणि कोकेन. तो एस्कोबार १९९३ सालीच मारला गेला. या विनोदावर कसनुसं हसणारी काही मुलं तर त्यानंतर जन्मलेली आहेत! आपल्यालाही पुण्यात ‘मराठवाड्याचे का? पाणी येतं का तिकडे?’ असं ऐकावं लागलं. पण तेवढ्यावरून कुणी आपली झडती घेतली नाही.

झडती कुणाची होते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. गावात चोरी झाली, की संशय आधी पारधी वस्तीवर. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. माणूस जन्मला, की गुन्हेगार! आपली हजेरी बाई घ्यायच्या. यांची पोलीस घ्यायचे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आलेच. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. मराठीच्या बाईंना सांगायला नको, पण ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. तुरुंगांच्या नियमावलीतले या जमातींना जन्मजात गुन्हेगार धरणारे उल्लेख सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवले ते कधी? ऑक्टोबर २०२४ मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर.

आता माझ्या धंद्याकडे येते. गुन्हा कुठे होईल हे सांगणारा प्रोग्राम जुन्या अटकांच्या नोंदींवर शिकतो. ज्या वस्तीवर पोलीस जास्त गेले, तिथल्या नोंदी जास्त. म्हणून तो पुन्हा तिथेच जा म्हणतो. तिथे पुन्हा कुणाला तरी उचललं, की नोंदीत भर. वर लोक म्हणतात, ‘कॉम्प्युटर थोडाच भेदभाव करतो!’

मघाशी चहा घेताना गणिताच्या सरांनी विचारलं, ‘अगं, मग जातीचा रकानाच काढून टाकायचा.’ सर, काढून पाहतात. पण आडनाव राहतं. आडनाव काढलं, तर पत्ता राहतो. आणि वस्ती गावाबाहेर कुठे आहे, हे पत्त्यावरून कळतंच.